केतकीच्या लग्नातला करा

मातीचा गोळा चाकावरून सुटला तो थेट घोरपडेसाहेबांच्या मिशीवर जाऊन बसला.

घोरपडेसाहेब म्हणजे निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. मिशी पांढरीशुभ्र, दोन्ही टोकं वर. त्या मिशीच्या धाकावर त्यांनी म्हणे अर्ध्या जिल्ह्यातल्या चोऱ्या थांबवल्या होत्या. आता तिची एक बाजू चिखलानं खाली लोंबायला लागली. पण माणूस मोठा धीराचा. त्यांनी हातातली वाटी आधी पुरी केली, दोऱ्यानं कापून फळीवर ठेवली आणि मग रुमालानं मिशी पुसत मला विचारलं, "टेंबेबाई, तुमचं भांडण मातीशी आहे की माझ्याशी?"

"मातीशी हो."

"मग मला साक्षीदार तरी करू नका."

तेवढ्यात प्राजक्ता आली. प्राजक्ता वाळिंबे ही आमची शिक्षिका, आणि एके काळची माझी विद्यार्थिनी. मी हायस्कुलात गणित-भूमिती शिकवायचे आणि ही कार्टी तिसऱ्या बाकावर बसून खडूचे हत्ती कोरायची. भूमितीत काठावर पास झाली. मग कुठं कुठं जाऊन मातीकाम शिकून आली आणि साताऱ्याच्या शाहूपुरीत वडिलांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये विजेवर चालणारी चार चाकं मांडून हौशी लोकांचे वर्ग घ्यायला लागली. आता मी तिच्यासमोर मान खाली घालून बसायचे. केलेलं इथंच फेडावं लागतं म्हणतात ते काही खोटं नाही.

"बाई," प्राजक्ता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचा डावा हात कुठाय?"

"आहे की."

"कुठं?"

"एप्रनच्या खिशात."

"खिशात काय करतोय?"

"आराम," मी म्हटलं.

घोरपडेसाहेब खोकले. पोलिसांचा खोकला तो, त्यात बरेच प्रश्न होते.

"बाई, एका हातानं चाकावर भांडं होत नसतं," प्राजक्ता म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. लक्ष कुठं असतं तुमचं?"

हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं होतं याचा हिशोब देवाकडेच. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. खरं कारण कऱ्हाडला राहत होतं, नऊवारी नेसत होतं आणि त्याला सगळं घर चळचळा कापत होतं.

माईआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा ऐंशीच्या घरात असेल. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराची सूत्रं तिच्या हातात. उजव्या हातात, हे आधीच सांगून ठेवते. तिचा डावा हात कायम पदराखाली. नैवेद्य, हळदकुंकू, पैसे, थप्पड, सगळं उजव्यानं. "डाव्या हातानं भीकसुद्धा घालू नये," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आणि मी जन्माला आले ती डावखुरी!

पाटीवर पहिली रेघ डाव्या हातानं ओढली तेव्हा माईआत्यानं पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. मी परत डाव्यात घेतली. असं दोनचारदा झाल्यावर तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं टराटरा फाडलं, त्याची मऊ चिंधी केली, माझ्या डाव्या मनगटाला बांधली आणि चिंधीचं दुसरं टोक माझ्या परकराच्या नाडीला अडकवलं. तशीच मी बालवर्गात जायचे. पोरं मला 'बांधलेली म्हैस' म्हणायची. यथावकाश माझा हात वळला. अक्षर उजव्या हाताचं, पोळी उजव्या हाताची, सगळं उजव्या हाताचं, आणि सगळं थोडं थोडं वाकडं. भूमिती शिकवायला लागले तर फळ्यावर माझं वर्तुळ म्हणजे बटाटा. "बाईंच्या वर्तुळाला केंद्र दोन असतात," असं मुलं म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता मूळ गोष्टीवर येते.

माझ्या भावाची, बापूची, थोरली मुलगी केतकी. तिचं लग्न माघात ठरलं. आमच्याकडं लग्नात नवरीच्या मागं करवली करा घेऊन उभी राहते. करा म्हणजे पाण्यानं भरलेलं लहानसं गोल पोटाचं भांडं, वर आंब्याची पानं, त्यावर नारळ. मंगलाष्टकं संपली की त्यातलंच पाणी वधूवरांच्या डोळ्यांना लावायचं. इतरांकडं तांब्याचा चालतो, चांदीचा चालतो. टेंब्यांकडं, म्हणजे सासरी, स्टीलचासुद्धा चालला होता. पण माझ्या माहेरी करा मातीचाच लागतो. पिढ्यान्‌पिढ्या तो एकाच कुंभाराच्या घरून यायचा. ते कुंभारबाबा वारले आणि त्यांच्या मुलांनी चाक काढून तिथं मोबाइलचं दुकान टाकलं.

"आता करा कुठून आणायचा?" दिवाळीला सगळे जमलो होतो तेव्हा माईआत्यानं विचारलं. "बाजारातला नको मला. कोणी केला, कुठल्या हातानं केला, काही ठावठिकाणा नसतो."

मला तेव्हा प्राजक्ताकडं जायला लागून जेमतेम महिना झाला होता. शाळेतली एक मैत्रीण जायची, तिच्या नादानं मीही नाव घातलं होतं. येत काही नव्हतं. पण जिभेला हाड नसतं.

"मी करते की!" मी म्हटलं.

केतकीनं उठून मला मिठीच मारली. "कुंदाआत्या, खरंच? मला तुझ्याच हातचा हवा!"

"हिच्या हातचा," माईआत्या म्हणाली. "कुठल्या हातचा?"

फराळाच्या ताटात चकली मोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"उजव्या," मी म्हटलं.

"देवासमोर सांग. डावा हात मातीला लागणार नाही म्हणून."

आणि मी शाळेतली सीनियर शिक्षिका, दोन मुलांची आई, देवासमोर उभी राहून हात जोडून तसं बोलले. जोडताना दोन्ही हात लागले ते माईआत्याच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

त्यानंतरचे दिवस मी विसरायचं म्हटलं तरी आमचे हे विसरू देत नाहीत. यांचं नाव श्रीरंग, पण तोंडात रंग कमी आणि टोमणे जास्त. मी वर्गावरून भाजून आणलेली एकेक वस्तू यांच्यासमोर ठेवायची आणि यांनी चष्मा पुसून तिची तपासणी करायची.

"हा ॲशट्रे छान झालाय."

"वाटी आहे ती. आणि आपल्याकडं सिगारेट कोण ओढतं?"

"मी सुरू करू का? केलेलं वाया जायला नको."

पुढच्या खेपेला फुलदाणी नेली. ती एका अंगाला कलली होती. यांनी तिच्या कपाळावर, म्हणजे जिथं कपाळ असतं तिथं, हात ठेवला. "हिला बरं वाटत नाहीये. झोपू दे."

तिसऱ्या खेपेला काय नेलं होतं ते मलाही आठवत नाही, पण ते फार जड होतं. ते अजून आमच्या मागच्या दाराला लावलेलं आहे. वाऱ्यानं दार आपटत नाही, एवढं मात्र खरं.

एका हातानं काय होणार? चाक गरागरा फिरायचं, मी उजव्या हातानं गोळा दाबायचे, गोळा दुसऱ्या अंगानं पळायचा. मी तिकडं दाबायचे, तो इकडं यायचा. व्रात्य पोराला आंघोळ घालावी तसं चाललेलं असायचं. शेवटी आंघोळ मलाच व्हायची. घोरपडेसाहेबांनी तर आपलं चाक बदलून मागितलं. प्राजक्तानं नाही म्हटलं. तेव्हापासून ते मला दिसेल अशा बेतानं मांडीवर एक जाड टॉवेल ठेवून बसायला लागले.

पौष आला. करा सोडाच, मला माती मध्यावरसुद्धा आणता येत नव्हती.

एका शनिवारी प्राजक्ता स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट.

"बाई, नीट बघा. चाक घड्याळाच्या उलट फिरतंय. म्हणजे माती तुमच्या अंगावर येतेय ती डाव्या बाजूनं. तिला थोपवायचं कुणी? डाव्या हातानं. कोपर मांडीत रोवायचं, तळहात मातीला लावायचा आणि हलायचं नाही. मातीशी भांडायचं नाही. आपण हललो नाही की तीच शेवटी मध्यावर येते. उजवा हात नुसता वरून ठेवायचा. खरं काम डाव्याचं."

"खरं काम डाव्याचं?" मी विचारलं.

"हो. आता तुम्ही उजव्या हाताच्या, तेव्हा सुरुवातीला डावा जरा जड जाईल तुम्हाला."

मला डावा जड जाईल! मला हसूच आलं.

"प्राजक्ता," मी म्हटलं, "माझी एक अडचण आहे. घरगुती आहे."

"मग घरगुती अडचण घरी ठेवून येत जा, बाई," ती म्हणाली आणि दुसऱ्यांकडं गेली. हेही वाक्य माझंच होतं.

मी डावा हात खिशात घालून बसले. उजव्यानं गोळा थापला, चाक सुरू केलं. गोळा डुगडुगला. मी दाबला. तो जास्तच डुगडुगला. माझा उजवा खांदा भरून आला, गोळा चाकाच्या कडेला सरकला, आता सुटणार, आता घोरपडेसाहेबांवर जाणार, ते टॉवेल वर घेतायत हे मला दिसतंय, आणि तेवढ्यात खिशातून माझा डावा हात बाहेर आला.

मी काढला नाही हो. तो आपला आपण आला. त्यानं पळत्या गोळ्याला पकडलं, मध्ये ढकललं आणि तिथंच राहिला. कोपर मांडीत जाऊन बसलं. मला कुणी सांगितलं नाही. चाक फिरत होतं, हात हलत नव्हता, आणि हळूहळू गोळ्याचं डुगडुगणं कमी कमी झालं, आणि मग थांबलंच. चाक फिरतंय हे कळेना इतका गोळा स्थिर झाला.

"अरे वा!" घोरपडेसाहेब म्हणाले आणि टॉवेल खाली ठेवला.

प्राजक्ता धावत आली. बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. "बाई, रडताय काय?"

"माती गेली डोळ्यात."

खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं एक माणूस घरात कोपऱ्यात बसवून ठेवलेलं असावं आणि त्यानं उठून एकदम सगळा स्वयंपाक करून दाखवावा, तसं काहीसं झालं. सोमवारी शाळेत गेले ती खडू डाव्या हातात घेऊनच. फळ्यावर वर्तुळ काढलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आज बटाटा नाही?" आणि पोरट्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही रागावले नाही.

करा लगेच झाला असं नाही. चारपाच बसले, दोघांच्या माना तुटल्या, एक भट्टीत तडकला. पण शेवटी झाला. पोट गोल, मान हातात मावेल एवढी, ओठ जरासा बाहेर वळलेला, आणि पाटावर ठेवला तर सरळ उभा. मी त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची वेल काढली, तीही डाव्या हातानंच. आमच्या यांनी चष्मा पुसला, करा फिरवून फिरवून बघितला आणि कधी नव्हे ते टोमणा मारला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "माईआत्याला काय सांगणार?"

ती खरी गोम. देवासमोर बोललेलं मोडलं होतं. सांगावं तर करा जाणार, न सांगावं तर केतकीच्या लग्नात खोटं घेऊन उभं राहायचं.

"उजव्यानं केला म्हण," हे म्हणाले. "नुसता वरून का होईना, उजवा हात लागलाच होता की तुझा."

लग्नाच्या आदल्या दिवशी कऱ्हाडला गेलो. घरात पाहुण्यांचा गजबजाट, केतकी हाताला मेंदी लावून दोन्ही हात वर धरून बसलेली, बापू याद्या घेऊन सैरावैरा. माईआत्या खुर्चीवर, हात पदराखाली. मी करा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं उजव्या हातानं तो उचलला. गोल फिरवला, ओठावरून बोट फिरवलं, उलटा करून बूडसुद्धा बघितलं.

"सुरेख झालाय गं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. "उजव्यानंच ना?"

यांनी मला डोळ्यानं खुणावलं. बापूनंही खुणावलं. केतकी तर हात जोडायला निघाली होती, मेंदी आडवी आली.

"नाही, माईआत्या," मी म्हटलं. "डाव्यानं. उजव्यानं पुष्कळ केलं, होईना. डावा लावला तेव्हाच झाला."

माईआत्याचा चेहरा बंद झाला. दुसरा शब्द नाही सापडत मला. तिनं करा खाली ठेवला.

"बापू, माळ्यावरचा तांब्याचा तांब्या काढ. चिंचेनं घासून घे. उद्या चिमीच्या हातात तो राहील." चिमी म्हणजे केतकीची धाकटी बहीण, करवली. "आणि हे जिन्याखाली ठेवून द्या."

"पण माई, आपल्याकडं मातीचाच..." बापू बोलायला गेला.

"बोललेलं मोडून केलेल्या मातीपेक्षा तांबं बरं."

मी करा उचलला आणि जिन्याखाली, चपलांच्या शेजारी, ठेवला. मला फार वाईट वाटलं. उलट बोलावं, भांडावं असं फार वाटलं. पण लग्नघर होतं. मी नारळ सोलायला बसले आणि इतके सोलले की आचाऱ्यानं शेवटी माझ्या हातातून कोयता काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला कार्यालय भरलं. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, भटजींनी घसा खाकरला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. केतकीच्या मागं चिमी नऊवारीत ताठ उभी. तिच्या हातातल्या भांड्याभोवती जरीचा खण गुंडाळलेला होता, वर पानं आणि नारळ. मी मनात म्हटलं, तांब्याला एवढं नटवायचं काय कारण?

चिमीच्या शेजारीच माईआत्याची खुर्ची. गुडघ्यांमुळं तिला उभं राहवत नव्हतं. काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. तिनं एकदा त्या खणाकडं बघितलं. परत बघितलं. मग वाकून दोन बोटांनी खणाचं टोक ओढलं.

आत पांढऱ्या ठिपक्यांची वेल.

केतकी पाटावरून मान न वळवता हळूच म्हणाली, "मी सांगितलं चिमीला. माझं लग्न आहे."

"चिमे!" माईआत्या ओरडली. "हा कुणी आणला इथं?"

तो आवाज भटजींच्या वर गेला. चिमी दचकली. नारळ एकीकडं, पानं दुसरीकडं, आणि करा तिच्या हातातून निसटला. ऐन मुहूर्तावर नवरीचा करा फुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. मी "अगं बाई!" म्हणून डोळे मिटले. फुटल्याचा आवाज आला नाही, म्हणून उघडले.

माईआत्या खुर्चीच्या टोकाला आलेली. पदर खांद्यावरून घसरलेला. आणि तिनं करा त्याच्या मानेला घट्ट धरून ठेवला होता. डाव्या हातात. उजवा हात मांडीवर होता, चांगला मोकळा होता, त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण तो जागचा हलला नाही. डावाच गेला, विजेसारखा गेला, आणि त्यानं करा अधांतरी पकडला.

भटजी "कुर्यात सदा..." वरच थांबले. भटजी थांबले म्हणजे संपलं, असं समजून वाजंत्र्यांनी जोरात सनई-चौघडा सुरू केला. वाजंत्री वाजली म्हणजे झालंच, असं समजून मागच्या लोकांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या अक्षता उधळल्या. केतकी आणि जावई खाली वाकून चिमीला सावरत होते, त्यामुळं अक्षता पडल्या त्या सगळ्या माईआत्यावर. डाव्या हातात करा उंच धरून ती बसली होती आणि अख्खं कार्यालय तिच्यावर तांदूळ टाकत होतं. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटोही काढला.

माईआत्या आपल्या हाताकडं बघत होती. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघत होती.

मग तिनं मान वर केली. "तोंडं काय बघताय? वाजंत्री थांबवा. भटजी, अजून दोन अष्टकं राहिलीत."

चिमीनं करा घ्यायला हात पुढं केले. माईआत्यानं दिला नाही. काठी घेतली, उठली आणि उरलेली दोन्ही अष्टकं ती स्वतः केतकीच्या मागं उभी राहिली. काठी उजव्या हातात, करा डाव्यात. हात लटपटत होता, पण पाणी सांडलं नाही.

जेवणाच्या पंगतीत तिनं मला बोलावून शेजारी बसवलं. बराच वेळ नुसती मसालेभात चिवडत होती.

"कुंदे, हात दुखतोय."

"कुठला, माईआत्या?"

"कुठला काय विचारतेस? सगळ्या मांडवानं बघितला." तिनं डाव्या मनगटावरून अंगठा फिरवला. "आमची आजी माझा बांधायची. सुंभानं. मग सोडायला विसरायची. वळ पडायचे."

तिच्या रांगोळीतलं स्वस्तिक नेहमी पडायला आलेलं असायचं ते मला आठवलं. बोलायची कुणाची छाती नव्हती, पण बघितलं सगळ्यांनी होतं.

"मग मला का बांधलंस गं?" मी विचारलं. इतक्या वर्षांचं होतं ते, बाहेर पडलं.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणी बांधण्यापेक्षा मी बांधलेलं बरं," माईआत्या म्हणाली. "म्हणून लुगडं फाडलं. मऊ होतं ते. माझ्या लग्नातलं होतं."

माझ्या पानातला भात मला दिसेना. ती मात्र लगेच खेकसली, "रडू नकोस, जिलबी ओली होतेय." आणि वाढप्याला हाक मारून मला आणखी दोन वाढायला लावल्या. मग थोड्या वेळानं, इकडंतिकडं बघून, हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या त्या चाकावर म्हाताऱ्या बायकांना घेतात का गं?"

घेतात म्हणजे काय! पुढच्याच आठवड्यात बापूनं तिला गाडीतून साताऱ्याला आणून सोडलं. प्राजक्तानं नऊवारीवरून एप्रन बांधला, चाकासमोर बसवलं, समोर मातीचा गोळा ठेवला. माईआत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तिच्याकडं संशयानं बघितलं.

"मुली, कुठला हात आधी?"

"आजी, डावा," प्राजक्ता म्हणाली. "खरं काम डाव्याचं असतं."

माईआत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि डावा हात बाहेर काढून मातीवर ठेवला. चाक सुरू झालं. गोळा डुगडुगला. "अगं अगं अगं," माईआत्या म्हणाली आणि लहान पोरीसारखी खिदळायला लागली. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

समोर घोरपडेसाहेबांनी एकवार तिच्याकडं बघितलं, एकवार माझ्याकडं, आणि आपलं स्टूल उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं.